‘कंचेभागुबेव’ : मंत्र आणि अर्थ

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला गणितातले बाकी सारे विसरले तरी एक शब्द सहसा विसरत नाही. ‘कंचेभागुबेव’ हा तो शब्द. कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी यांची अक्षरे जोडून तो तयार झाला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत त्याचे भावंड ‘बॉडमास’ या नावाने वावरते, तर अमेरिकेत ‘पेमडास’ या नावाने. एकाच ओळीत चार-पाच क्रिया आल्या म्हणजे कोणती आधी करावयाची आणि कोणती नंतर, हे मुलांच्या ध्यानात राहावे, एवढाच या शब्दांचा हेतू. हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. परंतु हा शब्द जसा वर्गात सांगितला जातो, तसाच अक्षरशः पाळणाऱ्या आज्ञाधारक मुलाचे उत्तर चुकते, ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने कोणी घेतलेली दिसत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. एस.टी.च्या गाडीत ४० प्रवासी आहेत. थांब्यावर ७ उतरले आणि ५ चढले. आता गाडीत किती? तिसरीतले मूल तोंडी सांगेल की ३८. हीच हकिगत अंकांत मांडली की ४० − ७ + ५ अशी ओळ होते. आता ‘कंचेभागुबेव’ लावा. त्यात ‘बे’ आधी आहे आणि ‘व’ नंतर. म्हणजे बेरीज प्रथम : ७ + ५ = १२. मग वजाबाकी : ४० − १२ = २८. नियम पाळला आणि दहा प्रवासी नाहीसे झाले! ज्या मुलाने नियमाकडे दुर्लक्ष करून आपल्या समजुतीप्रमाणे उत्तर काढले त्याला गुण मिळतात, आणि ज्याने गुरुजींचा शब्द प्रमाण मानला त्याच्या वहीवर लाल फुली पडते. ‘मी तर सांगितल्याप्रमाणेच केले’ असे ते मूल म्हणते तेव्हा त्याच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही.

गमतीचा भाग असा की, या शब्दाचा पूर्वार्ध निर्दोष ठरतो. ‘भा’ आधी आणि ‘गु’ नंतर, हा क्रम पाळल्याने उत्तर कधीच बिघडत नाही. १२ × ६ ÷ ३ ही ओळ डावीकडून सोडविली तर ७२ ÷ ३, म्हणजे २४ येतात. भागाकार आधी केला तरी १२ × २, म्हणजे २४च. अमेरिकेतल्या ‘पेमडास’मध्ये मात्र गुणाकाराचे अक्षर आधी येते. त्यामुळे १२ ÷ ३ × २ या ओळीचे उत्तर तेथील मूल ८ ऐवजी २ काढू शकते. आपल्या शब्दात हा दोष नाही, परंतु शेवटची दोन अक्षरे घात करतात. ती उलटी करून ‘वबे’ म्हटले तर उत्तर चुकणार नाही, हे खरे. पण मग १० + ३ − ५ या ओळीत मूल ३ मधून ५ वजा करावयास जाईल आणि तेथेच अडेल, कारण ऋण संख्या त्याने अद्याप पाहिलेल्या नसतात. तेव्हा अक्षरांची अदलाबदल करून हा प्रश्न सुटणारा नाही. भागाकार आणि गुणाकार ही एका पायरीवरची जोडी आहे, बेरीज आणि वजाबाकी ही दुसऱ्या पायरीवरची; आणि एका पायरीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करावयाच्या. हे सांगितल्याशिवाय ‘कंचेभागुबेव’ हा अपुरा, आणि म्हणून फसवा, शब्द आहे.

संकेत किती, कारण किती?

क्रियांचा क्रम हा निव्वळ संकेत आहे, त्याला कारण विचारू नये, असे काही शिक्षक सांगतात. दुसरे काही असे भासवितात की, तो निसर्गाचा नियमच आहे. वस्तुतः सत्य या दोहोंच्या मध्ये आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवितात, काही देशांत उजव्या बाजूने, हा संकेत. तो मुलाला विचार करून सापडणार नाही, सांगावाच लागेल. २ + ३ × ४ ही ओळ १४ म्हणून वाचावी हाही त्या अर्थाने संकेतच आहे. परंतु तो लहरीने ठरलेला नाही. ३ × ४ हे ४ + ४ + ४ याचे संक्षिप्त रूप आहे. संक्षेप उलगडून लिहिला तर ओळ २ + ४ + ४ + ४ अशी होते आणि तिचे उत्तर १४ याशिवाय दुसरे येऊ शकत नाही. २ आणि ३ यांची बेरीज आधी करणारा माणूस तो संक्षेपच मोडून टाकतो.

याहून व्यावहारिक कारण बाजारात सापडते. एक पेन २० रुपयांचे आणि ३५ रुपयांच्या ४ वह्या घेतल्या, तर बिल २० + ४ × ३५, म्हणजे १६० रुपये. कोणताही दुकानदार २० आणि ४ मिळवून २४ ला ३५ ने गुणणार नाही आणि गिऱ्हाइकाकडे ८४० रुपये मागणार नाही. नग आणि दर यांचे गुणाकार करावयाचे आणि मग ते गुणाकार मिळवावयाचे, हीच आपल्या बहुतेक हिशोबांची घडण असते. किराण्याची यादी, मजुरांची हजेरी, प्रवासखर्चाचे बिल, यांपैकी काहीही पाहावे. जी घडण वारंवार लागते ती कंसाशिवाय लिहिता यावी आणि जी क्वचित लागते तिला कंस घालावा, ही या संकेतामागची सोय आहे.

‘चे’ या अक्षराचेही असेच. १२ ÷ ६ चे १/२ असे लिहिले की ‘सहाचे निम्मे’ हा एकच शब्दसमूह आपल्या कानावर पडतो. म्हणून आधी ३ काढावयाचे आणि मग १२ ÷ ३, म्हणजे ४. त्याच जागी गुणाकाराचे चिन्ह ठेवले तर उत्तर १ येते. ‘चे’ला वेगळे स्थान दिले गेले ते आपल्या बोलीतल्या या घट्ट जोडामुळे. हे मुलाला सांगितले तर ते अक्षर त्याला परके वाटणार नाही.

इतिहासही हेच सांगतो. ज्या चिन्हांच्या ओळीवर आपण मुलांची परीक्षा घेतो ती चिन्हे फार जुनी नाहीत. अधिक आणि उणे ही चिन्हे छापील पुस्तकात १४८९ साली जर्मनीत दिसली, बरोबरचे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड याने वापरले, गुणाकाराची फुली १६३१ साली विल्यम ऑट्रेड याच्या पुस्तकात आली आणि भागाकारासाठी ÷ हे चिन्ह १६५९ साली योहान रान याने योजले. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० साली लिहिली तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. तेथील उदाहरणे शब्दांत आहेत आणि कोणती क्रिया कशानंतर करावयाची हे वाक्यच सांगते. एवढेच नव्हे, तर शेवटच्या उत्तरापासून उलट दिशेने, प्रत्येक क्रिया उलटी करीत मूळ संख्येपर्यंत जाण्याची ‘व्यस्तविधी’ ही रीत भास्कराचार्य तेथे शिकवितात. क्रियांचा क्रम म्हणजे घडलेल्या घटनांचा क्रम, ही समज त्या रीतीत गृहीतच आहे. चिन्हे आली, लिहिणे आटोपशीर झाले, आणि वाक्यातला अर्थ जाऊन त्याच्या जागी नियम आला.

हा नियमही सर्वत्र एकदम पक्का झाला नाही. गणितातील चिन्हांचा विस्तृत इतिहास लिहिणारे फ्लोरियन कॅजोरी यांनी १९२८ साली नोंदवून ठेवले आहे की, एकाच पदात भागाकार आणि गुणाकार दोन्ही आले तर आधी कोणता करावा याबद्दल त्या वेळी एकमत नव्हते. २०१९ साली ८ ÷ २(२ + २) या एका ओळीवरून समाजमाध्यमांत जगभर वाद माजला. कोणी १६ म्हणे, कोणी १. पुष्कळ गणितज्ञांनी त्यावर सांगितले ते एवढेच की, दोष वाचणाऱ्याचा नसून लिहिणाऱ्याचा आहे. संदिग्ध ओळ लिहूच नये, कंस घालावा किंवा अपूर्णांकाची आडवी रेघ मारावी. चिन्हांविषयीचे आंतरराष्ट्रीय मानकही भागाकारासाठी ÷ हे चिन्ह वापरू नये असेच सांगते. आमच्या काही प्रश्नपत्रिकांत मात्र चौकटी, महिरपी आणि साध्या कंसांचे तीन मजले चढवून, मुद्दाम अडखळावे अशा ओळी दिल्या जातात. व्यवहारात ज्या ओळी कोणी लिहीत नाही, त्यांवर दहा वर्षांच्या मुलाची पारख करण्यात कोणते शहाणपण आहे?

गणकयंत्राची साक्ष

कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना एक प्रयोग सुचवावासा वाटतो. टेबलावरच्या साध्या गणकयंत्रावर २०, अधिक, ४, गुणिले, ३५, बरोबर, अशी बटणे क्रमाने दाबा. बहुतेक साधी यंत्रे ८४० दाखवितील. तीच बटणे शास्त्रीय गणकयंत्रावर दाबली तर १६० येतील. पहिले यंत्र बिघडलेले नाही. ते प्रत्येक क्रिया आली तशी उरकते, ओळ पुरी होईपर्यंत थांबत नाही. म्हणूनच अनुभवी लिपिक साध्या यंत्रावर असे काम करताना ‘एम प्लस’चे बटण वापरतो. ४ गुणिले ३५ करून ते स्मृतीत टाकतो, मग २० टाकतो आणि शेवटी स्मृतीतली एकूण रक्कम मागतो. त्याने ‘कंचेभागुबेव’ मनात म्हटलेले नसते. बिलात दोन रकमा आहेत, एक वह्यांची आणि एक पेनाची, हे त्याने पाहिलेले असते. आधी रकमा वेगळ्या करावयाच्या, मग त्या मिळवावयाच्या, हे त्याला सवयीने कळते.

हे पाहणे म्हणजेच क्रियांच्या क्रमाचे सारे मर्म आहे, आणि त्यासाठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द पूर्वीपासूनच आहे. अशा ओळीला मराठी पाठ्यपुस्तके ‘पदावली’ म्हणतात. पदांची आवली, म्हणजे पदांची ओळ. जो शब्द आपण शीर्षक म्हणून फळ्यावर लिहितो आणि लगेच विसरतो, त्यातच शिकविण्याची रीत सांगून ठेवली आहे. ओळ वाचताना आधी क्रिया शोधू नयेत, पदे शोधावीत. कंसाबाहेरच्या प्रत्येक अधिक-उणे चिन्हापाशी ओळ तुटते आणि ते चिन्ह पुढच्या पदाला चिकटते. ४० − ७ + ५ यात तीन पदे आहेत : चाळीस, उतरलेले सात, चढलेले पाच. २० + ४ × ३५ यात दोन : पेनाचे वीस आणि वह्यांचे चार गुणिले पस्तीस. गुणाकार-भागाकार पदाच्या आत राहतात, म्हणून ते आधी होतात. बेरीज-वजाबाकी पदांच्या मध्ये असते, म्हणून ती नंतर. ‘भागु’ आधी आणि ‘बेव’ नंतर का, याचे उत्तर मुलाला डोळ्यांनी दिसते.

ही केवळ कल्पना नव्हे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी पाचवीतून सहावीत जाणाऱ्या मुलांबरोबर नेमक्या याच दिशेने काम केले. पदे ओळखणे आणि दोन पदावल्या समान आहेत की नाहीत हे हिशोब न करता सांगणे, यांवर त्यांनी भर दिला, आणि अंकगणितातली ही समज बीजगणिताकडे कशी नेता येते याचा शोध घेतला. त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. एनसीईआरटीच्या २०२५ सालच्या ‘गणित प्रकाश’ या सातवीच्या पुस्तकातही अंकगणितातील पदावल्यांवरचे प्रकरण पदांच्या आधारे मांडलेले आहे. म्हणजे ज्या मार्गाकडे आपल्या पारिभाषिक शब्दाने बोट दाखविले होते, तेथे आता अभ्यासक आणि पुस्तके पोचत आहेत. वर्ग मात्र अजून पुष्कळ ठिकाणी सहा अक्षरांपाशीच थांबलेले आहेत.

बीजगणिताच्या दारात

एखाद्या पदावलीचे उत्तर चुकले तर एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते पुढे. जे मूल २ + ३ × ४ यातील २ आणि ३ आधी मिळविते, तेच मूल दोन-तीन वर्षांनी २ + ३क्ष याचे ५क्ष करते. बीजगणित शिकविणाऱ्या शिक्षकांना ही चूक इतकी परिचित आहे की, ती आळसाची किंवा मंदपणाची खूण मानली जाते. पण तिचे मूळ प्राथमिक शाळेत असते. ३क्ष हे एक पद आहे, ते तोडता येत नाही, हे त्या मुलाला कधी दिसलेलेच नसते. त्याच्या लेखी ती चिन्हांची एक रांग असते आणि रांगेत डावीकडून जे हाती लागेल ते उरकावयाचे असते.

असेच ‘बरोबर’च्या चिन्हाचे. ४ × ३५ = १४० + २० = १६० असे लिहिलेले आपण वह्यांत नेहमी पाहतो. उत्तर बरोबर असल्यामुळे शिक्षक ते चालवून घेतात. पण ४ × ३५ हे १६० नव्हे. ‘बरोबर’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’, असा अर्थ मुलाच्या मनात घट्ट बसतो. दोन्ही बाजू तोलाच्या आहेत हा अर्थ बसत नाही. मग समीकरण आले की तराजूची कल्पना त्याला नव्याने शिकवावी लागते, आणि तोवर गणिताची भीती बसलेली असते. ‘मला गणित जमत नाही’ असे म्हणणाऱ्या कित्येकांच्या शालेय आयुष्यात न जमण्याचा हा क्षण बीजगणिताच्या दारातच आलेला असतो. ते दार अर्थ न समजता पाठ केलेल्या नियमांमुळे बंद होत असेल, तर त्याची जबाबदारी मुलांवर टाकून मोकळे होता येणार नाही.

आक्षेप आणि उपाय

शिक्षकांचा आक्षेप मला कल्पनेने ऐकू येतो. वर्गात मुले साठ, तास छत्तीस मिनिटांचा, अभ्यासक्रम लांबलचक आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेत वेळेशी शर्यत. तेथे गोष्टी सांगत बसावे कधी? सूत्र पाठ असले की निदान दहापैकी सात उत्तरे बरोबर येतात. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. पाठांतर त्याज्य आहे असेही माझे म्हणणे नाही. पाढे पाठ असल्याशिवाय हिशोबाला वेग येत नाही. पण पाढा हा सत्याचा संक्षेप आहे. ‘कंचेभागुबेव’ हा अर्धसत्याचा संक्षेप आहे, हा फरक लक्षात घ्यावयास हवा. शिवाय एस.टी.ची हकिगत सांगावयास दोन मिनिटेही लागत नाहीत. चुकीच्या समजुतीची दुरुस्ती मात्र वर्षानुवर्षे पुरते.

तेव्हा करावे ते एवढेच. पहिली गोष्ट, सूत्र शेवटी सांगावे, आधी नव्हे. तिसरी-चौथीत तोंडी हकिगती सांगून त्यांच्या ओळी मुलांकडून लिहून घ्याव्यात, आणि ओळ देऊन तिची हकिगतही विचारावी. ५० − (१२ + ८) ही पन्नासाची नोट देऊन बारा रुपयांची पट्टी आणि आठ रुपयांचे खोडरबर घेणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. कंस काढून ५० − १२ + ८ केले की दुकानदार खोडरबराचे पैसे घेण्याऐवजी तेवढे परत देऊ लागतो, हे मुलाला हसत-हसत कळते, आणि कंस कशासाठी असतो हेही.

दुसरी गोष्ट, कोणतीही पदावली सोडविण्यापूर्वी पदांखाली रेघा मारावयाची सवय लावावी. याला खडूशिवाय दुसरे साधन लागत नाही. त्यानंतर सूत्र सांगावयाचे तर ते जोड्यांनी सांगावे : ‘भागु’ एकत्र, ‘बेव’ एकत्र, आणि जोडीतला क्रम डावीकडून.

तिसरी गोष्ट परीक्षकांच्या हातात आहे. कंसांचे मजले उतरवून ठेवावेत आणि समज तपासणारे प्रश्न घालावेत. हिशोब न करता सांगा, ४० − ७ + ५ याच्याइतक्याच किमतीच्या पदावल्या कोणत्या : ४० + ५ − ७, ४० − (७ + ५), की ४० − (७ − ५)? पहिली आणि तिसरी, असे जो मुलगा किंवा जी मुलगी कारणासह सांगेल, त्याला किंवा तिला बीजगणिताची धास्ती वाटणार नाही. परीक्षा जे विचारते तेच वर्गात शिकविले जाते, हा आपल्याकडचा अनुभव आहे. म्हणून सुधारणेची सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून झाली तर ती लवकर पसरेल.

पालकांनाही यात थोडा वाटा उचलता येईल. घरातल्या किराण्याचे बिल मुलाच्या हाती द्यावे आणि एकाच ओळीत ते लिहावयास सांगावे. त्याला कंस कोठे लागतो आणि कोठे लागत नाही याची चर्चा करावी. ‘कंचेभागुबेव’ आपल्याला पाठ आहे, म्हणून ते मुलालाही पाठ करावयास लावण्यापेक्षा ४० − ७ + ५ ही ओळ त्याच्यापुढे ठेवून गाडीत किती माणसे उरली, हे एकदा विचारून पाहावे.